वाटेचा घास

मी मोठी झाले ती सत्तेचाळिसाव्या वर्षी, भर दुपारी, विमानात पट्टा बांधून बसलेली असताना. त्याआधी माझं लग्न झालं होतं, मुलीचंही लग्न लावून झालं होतं, नारायणगुड्याच्या मुलींच्या शाळेत वर्षानुवर्षं विज्ञान शिकवून हवेच्या दाबाचे प्रयोग करताना काचेचे पेलेही भरपूर फोडून झाले होते. त्यामुळे ही बाई मोठी आहे असा सगळ्यांचा समज होता. माझाही होता. आज त्या कुमुदची आठवण आली की तिचा कान धरावासा वाटतो. पण तो कान आता माझ्याच डोक्याला आहे आणि त्यात ऐकण्याचं यंत्र आहे, म्हणून सोडून देते.

आमचं घर हैदराबादेत, काचीगुडा स्टेशनापासून दुसऱ्या गल्लीत. गाडी आली की खिडकीची तावदानं आधी बारीक थरथरायची, मग मांडणीवरची भांडी एकमेकांशी कुजबुजायची, आणि सगळं शांत झालं की भोंगा ऐकू यायचा. माझ्या सासूबाई, म्हणजे आक्का, घड्याळ बघत नसत. "मनमाडची गेली, कुकर उतरव," असं म्हणत. स्टेशन उशाला असल्यामुळे आमच्या घराला एक नेम पडून गेला होता. काचीगुड्यावरून जाणारा कुठलाही नातेवाईक, अगदी भांडून बोलणं सोडलेला का असेना, उपाशी जायचा नाही. आक्का पहाटे उठून दुधातल्या दशम्या करत, शेंगदाण्याची चटणी कुटत, तिखटमिठाच्या पुऱ्या तळत, आणि कुणीतरी तो डबा फलाटावर नेऊन खिडकीतून आत द्यायचं. मी सून म्हणून घरात आले तेव्हा मला वाटलं होतं की या लोकांची खाणावळच आहे.

त्या डब्याबरोबर एक पुडी असायची. पळसाच्या पानात गुंडाळलेली, मूठभर. तिच्यात अर्धी दशमी, चिमूटभर चटणी, गुळाचा खडा आणि वरून दोऱ्याने बांधलेला एक कोळसा. प्रवासाला जाणाऱ्याने ती उघडायची नाही. पोचलात, उतरलात, की पहिल्या झाडाखाली ठेवायची आणि मागं न बघता पुढं जायचं. तळणीच्या पदार्थात कोळसा ठेवणारी घरं मी खूप पाहिली होती. माझ्या माहेरीही आई ठेवायची. पण असा वेगळा हिस्सा काढणारं घर हे एकच. नवी नवरी असताना एकदा मी विचारलं, "आक्का, हा कुणाचा?" त्या म्हणाल्या, "वाटेचा घास असतो." पुढे विचारायची सोय नव्हती. आक्कांचं बोलणं स्टेशनातल्या घोषणेसारखं, एकदा झालं की झालं.

मी मात्र त्यावर व्याख्यानं दिली. ओट्याजवळ उभी राहून, हातात पोळपाट घेऊन मी आक्कांना सांगितलं आहे की कोळसा वास शोषून घेतो, म्हणून पूर्वीचे लोक ठेवत, त्यात भुताखेताचं काही नसतं. आक्का ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बरं. पळसाचं पान पुसून दे." इतकं शांतपणे कुणी आपल्याला मूर्खात काढतंय, हे कळायलाही अक्कल लागते. ती माझ्याकडे नव्हती, फक्त पदवी होती.

माझी लेक माधवी तेव्हा दिल्लीला होती आणि तिचे दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी प्रवासाला नको म्हटल्यामुळे बाळंतपणाला तिनं माहेरी यायच्या ऐवजी माहेरच तिच्याकडे निघालं. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, स्वस्तातलं विमानाचं तिकीट मिळवलं. मी जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार होते. पण ह्यांनी तिकिटाचा कागद हातात दिला आणि गंभीरपणे सांगितलं, "यात खाणं नाही. पाणी पण विकत. त्यांच्या एका सँडविचमध्ये आपलं दिलसुखनगरला चौघांचं जेवण होतं. तू घरून ने." मग काय, मला चेवच आला. ज्या बाईला रेल्वेच्या चोवीस तासांची शिदोरी बांधता येते तिला दोन तासांचं विमान म्हणजे काय? मी पुऱ्या केल्या, चकल्या केल्या, शेजारच्या लक्ष्मम्मांनी त्यांच्या सकिनालू, म्हणजे तांदळाच्या तेलुगू चकल्या, दिल्या, त्याही भरल्या. लेकीसाठी डिंकाचे लाडू तर होतेच. विमानात सात किलोच्या वर हातात नेऊ देत नाहीत असं कळल्यावर गल्लीतल्या रद्दीवाल्याला बोलावलं आणि पिशवी त्याच्या ताणकाट्याला लटकवली. तो म्हणाला, "अम्मा, ये तो जाता नै. डब्बा स्टील का है ना, वो निकालो." डबे काढून सगळं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ओतलं. लाडू तेवढे डब्यात राहिले.

निघताना आक्कांनी पुडी दिली.

"आक्का, कोळसा? विमानात? मला पकडतील."

"पकडू देत. दोन मिनिटांनी सोडतील. पुडी टाकू नकोस."

"पण वजन..."

"लाडू एक कमी ने." मग रिक्षा सुरू झाल्यावर त्या काठी टेकत फाटकापर्यंत आल्या, तशा त्या कधी यायच्या नाहीत, आणि वाकून म्हणाल्या, "कुमुद, कितीही भूक लागली तरी तुझं तू खा. त्याला हात लावू नकोस. पोटुशीच्या घरी चालली आहेस."

मी मान हलवली. मान हलवण्यात मी तेव्हा फार पटाईत होते.

विमानतळ तेव्हा गावातच होता. तपासणीच्या रांगेत पोचले. पुढच्या माणसाच्या बॅगेतून नारळ काढून ठेवला होता. नारळ चालत नसेल तर कोळसा कसा चालेल? मी हळूच दोरा तोडला आणि कोळसा शेजारच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. तो इतकुसा तुकडा, पण तळाशी पडल्याचा आवाज विहिरीत धोंडा पडल्यासारखा आला. आत कचरा नव्हता म्हणून घुमला असेल, असं विज्ञानाच्या बाईंनी स्वतःला लगेच समजावलं.

आत बसले तर विमान तासभर उशिरा. पोटात कावळे ओरडायला लागले. पुऱ्या लाडवांच्या डब्याखाली गाडल्या गेलेल्या, आणि सगळी पिशवी चारचौघांत उपसायची लाज वाटत होती. कॉफीच्या दुकानासमोरून एक चक्कर मारली, भाव वाचले, परत येऊन बसले. पुडी वरच होती. कोळसा नाही म्हणजे आता ती नुसती दशमी, असा मी हिशेब केला. अन्न वाया कशाला घालवायचं? पळसाचं पान उघडलं आणि खाल्लं.

सकाळी केलेली दशमी होती. पण तोंडात गेली ती रात्रभर ओल्या फरशीवर पडून राहिल्यासारखी गार लागली. गुळाला चव नव्हती. गिळताना घशाशी क्षणभर असं वाटलं, की घास माझ्याकडून खाली जाण्याऐवजी कुणीतरी आतून ओढून घेतला. मी पाणी प्यायले, पान चुरगाळून पिशवीत टाकलं आणि रांगेत जाऊन उभी राहिले.

दाराशी तिकीट फाडणारी मुलगी आमच्याकडचीच होती, कपाळाला बारीक टिकली लावलेली. तिनं माझा तुकडा परत दिला आणि हात तसाच पुढे धरून ठेवला.

"और आप के साथ वाले अम्मा का?"

"मेरे साथ कोई नहीं."

तिनं माझ्या खांद्यामागे पाहिलं. मग खाली हातातल्या कागदाकडे पाहिलं. "सॉरी अम्मा," म्हणाली, पण तिचा हात लगेच मागे गेला नाही.

मला खिडकी मिळाली होती. मधली जागा रिकामी, आणि कडेला एक विशीतली मुलगी. दिलसुखनगरला कसल्याशा परीक्षेचा क्लास करत होती आणि मुलाखतीला चालली होती, हे तिनं बसल्या बसल्या सांगून टाकलं. विमान उडालं तेव्हा मी डोळे मिटून गणपती आणि न्यूटन दोघांनाही एकत्रच बोलावलं. डोळे उघडले तर भूक. साधी भूक नव्हे. मी लाडवांचा डबा मांडीवर घेतला, खालच्या पुऱ्या काढल्या आणि खायला लागले. एक, दोन, चार. पुऱ्या संपल्या. चकल्या संपल्या. लक्ष्मम्मांच्या सकिनालू दाताखाली कडाकडा वाजत होत्या आणि पोटात पोचेपर्यंत नाहीशा होत होत्या. घागर फुटकी असावी आणि आपण भरत राहावं, तसं. मला आजही त्या वेळची चव आठवत नाही. आवाज तेवढा आठवतो.

गाडा ढकलत हवाईसुंदरी आली. मी पाणी मागितलं. तिनं दोन पेले ठेवले, एक माझ्यासमोर, एक मधल्या जागेच्या घडीच्या टेबलावर. ते टेबल कुणी उघडलं होतं ते मी पाहिलं नव्हतं.

"आंटी," कडेची मुलगी माझ्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाली, "वो अम्मा कू भी देओ ना थोडा. कब से आप का हाथ देख रए उनो."

"कौन अम्मा?"

तिनं बोट दाखवलं नाही. फक्त नजर खाली केली. मीही पाहिलं. मधल्या जागेवर कुणी नव्हतं. पण पट्टा बांधलेला होता. रिकाम्या खुर्चीचा पट्टा गादीला चिकटून सपाट पडतो. हा तसा नव्हता. पुढे फुगवटा सोडून, जपून, अंतर राखून बांधलेला होता. पोटुशी बाई बांधते तसा.

त्या मुलीनं डोळे गच्च मिटले आणि तिचे ओठ हलायला लागले. दिल्ली येईपर्यंत ती थांबली नाही. आणि मी? मला लाज वाटते सांगायला. मी घाबरले, पण घाबरण्यापेक्षा भुकेली जास्त होते. माझा हात लाडवांच्या डब्याचं झाकण उघडत होता. लेकीच्या बाळंतपणाचे लाडू. आतला डिंक, खोबरं, साजूक तुपाचा वास नाकात गेला आणि कुणीतरी माझ्याबरोबर तो वास घेतला, कानाजवळ, लांब श्वास ओढून. मी झाकण दाबून धरलं आणि दोन्ही हातांनी डबा पोटाशी कवटाळला. विमान उतरून थांबेपर्यंत तशीच बसून होते.

दिल्लीला बाहेर आले तेव्हा दुपारचे तीन, आणि ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. माझ्याजवळ एक मोबाइल होता, परगावी वापरला की भुर्दंड पडतो म्हणून ह्यांनी फक्त संकटात वापरायला दिलेला. मी जावयाला, नितीनला, फोन लावला.

"आई, पोचलात? या, टॅक्सी करून या. सकाळपासून तिला बारीक कळा येताहेत, पण डॉक्टर म्हणाले घाई नाही. मी तिला सोडून येऊ शकत नाही." मग म्हणाला, "आई, तुमच्याबरोबर कुणी येतंय का?"

"का रे?"

"काही नाही. माधू दुपारपासून एकच म्हणतेय, दोन पानं वाढ. आई एकटी नाहीये, बरोबर एक बाई आहे आणि ती फार भुकेली आहे. मी म्हटलं, वेडी, झोप."

मी फोन ठेवला आणि लगेच घरी लावला. पैशाचा विचार केला नाही, यावरून माझी अवस्था ओळखा. आक्काच फोनवर आल्या. मी रडत रडत सगळं सांगितलं. कोळसा टाकला, घास खाल्ला, पट्टा, लाडू. पलीकडे गाडीची खडखड ऐकू येत होती. मनमाडची असावी.

"खाल्लास," आक्का म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "इंदू आहे ती. माझी नणंद. तू आलीस त्याच्या आधी गेली."

"आक्का..."

"ऐक. सासरी परत जायला निघाली होती, सातवा लागला होता. आमचं भांडण झालं होतं, एका लुगड्यावरून. मी शिदोरी दिली नाही. म्हटलं, फलाटावर घेईल विकत. तिच्याजवळ पैसे नव्हते, आणि मागायची ती नाही. गाडी पोचली, कुमुद. ती उतरली नाही. कुणी तरी दोन स्टेशनं आधी पाण्यासाठी उतरताना पाहिली म्हणे." मग आवाज एकदम ओट्याजवळचा झाला, पळसाचं पान पुसून दे म्हणणारा. "माधूच्या दारात तिला उपाशी नेऊ नकोस. आधी खायला घाल. जे आहे त्यातलं. आणि कोळसा शोध."

टॅक्सीत बसले. आरशात बघत चालकानं विचारलं, "माताजी, पीछे दोनों ठीक से बैठी हैं?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्या प्रवासात मी डाव्या बाजूला, दाराला चिकटून बसले होते आणि उजवी बाजू मोकळी ठेवली होती. कुणी सांगितलं नव्हतं. आणि का कोण जाणे, एका वळणावर मी म्हणाले, "इंदूआत्या, लाडू देते हं. पोचलो की देते." मराठीतून, हळू. टॅक्सीतली हवा गार होती की माझं अंग, देव जाणे.

माधूच्या इमारतीखाली कडुलिंबाचं झाड होतं आणि झाडाखाली इस्त्रीवाला. कोळशाची इस्त्री. मी आयुष्यात कुणाही पुरुषाकडे इतक्या प्रेमानं पाहिलेलं नाही. त्याच्याकडे एक कोळसा मागितला.

"एक? माताजी, एक कोयले से क्या होगा?"

"बहुत होगा, भैया."

त्यानं विझलेल्यांतला एक दिला. माझ्याकडे पळसाचं पान नव्हतं. पिशवीत तेच चुरगाळलेलं होतं, ते मांडीवर पसरून सरळ केलं. डबा उघडला. आतापर्यंत मला कळलं होतं की अर्धा देऊन भागायचं नाही. अर्ध्यावर तिला आमच्या घरानं इतकी वर्षं ठेवलं होतं. मी पूर्ण लाडू ठेवला. मग दुसरा ठेवला, कारण ती दोन जिवांची होती. कोळसा वर ठेवला, इस्त्रीवाल्याच्या मडक्यातलं पाणी त्याच्याच पेल्यात घेऊन शेजारी ठेवलं, आणि म्हटलं, "आत्या, आक्का चुकल्या. मीही चुकले. जेवा आता." आणि मागं न बघता निघाले.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर माझी भूक गेली. पोट एकदम इतकं जड झालं की मला कठडा धरावा लागला. इतक्या पुऱ्या, चकल्या, सकिनालू, सगळ्या एकाच क्षणी येऊन पोचल्या. खालून इस्त्रीवाल्याचा आवाज आला, माझ्याशी नव्हे, दुसऱ्या कुणाशी तरी बोलल्यासारखा. "आराम से, बेटी. आराम से खाओ."

मी मागं पाहिलं नाही. व्याख्यानं देणारी ती बाई तिसऱ्या पायरीवरच राहिली.

दार माधूनंच उघडलं, कमरेवर हात, चेहरा घामानं ओला. माझ्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यामागे पाहिलं.

"एकटीच आलीस?"

"एकटीच."

"मग नितीन, एकच पान वाढ," ती म्हणाली, आणि पहिली मोठी कळ आली तशी भिंतीला टेकली. रात्र जेमतेम पडली तोच मुलगी झाली. सुखरूप, दोघीही.

मी परत आल्यावर आक्कांनी एकच विचारलं. किती ठेवलं, एवढंच. मी म्हटलं, दोन, पूर्ण. त्या पदराचं टोक चोळत बसल्या. मग म्हणाल्या, "मला कधी सुचलं नाही." त्या दिवसापासून पुडी बांधायचं काम माझ्याकडे आलं.

आता आक्का नाहीत. ती मुलगी, माझी नात, हैदराबादलाच शिकायला आली आहे आणि सुट्टीत विमानानं दिल्लीला जाते. तिकिटात खाणं अजूनही नसतं. मराठी ती बोलते, वाचताना मात्र अडखळते, त्यामुळे हे प्रकरण तिला मी वाचून दाखवणार आहे, मधले दोन-तीन परिच्छेद गाळून. तिच्या पिशवीत मी पुड्या ठेवते. "आजी, दोन का?" असं मागच्या वेळी तिनं विचारलं. म्हटलं, एक इंदू आजीची. दुसरी आक्का पणजीची. पणजीला आता इंदूबरोबर बसायचं असतं, सवय झाली आहे. कोळसा मात्र आता आत नेऊ देत नाहीत. तो तिच्या आईला ठेवायला सांगितला आहे, दारातल्या झाडाच्या कुंडीत कायमचा. नात हसली. पण पुड्या तिनं नीट ठेवल्या, वर, चिरडणार नाहीत अशा. परवा रिक्षावाल्यानं तिला विचारलं म्हणे, तीन सवारी का? तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हा आवाज जरा बारीक झाला होता. मी म्हटलं, त्याला सांगायचं, दोघींचं वजन काही नसतं.

माझेही फार दिवस उरलेले नाहीत, म्हणून आत्ताच लिहून ठेवते, पुढे बोलायची सोय राहणार नाही. तिसऱ्या पुडीत माझी दशमी दुधात भिजवून मऊ करा. चकली ठेवू नका, दात नाहीत. आणि खिडकीची जागा माझी. मी पहिल्या प्रवासात बाहेर काहीच पाहिलं नाही.